तांदळासारखा पाहिलेला हिरा

आधीच सांगून ठेवते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीपर्यंत शाळा झाली, मग धानाच्या रोवण्याच्या दिवसांत घरी राहिले ती राहिलेच. ऱ्हस्व-दीर्घाचा अजून मेळ बसत नाही. अक्षरही वाकडं. दुकानात मी चिठ्ठी लिहून ठेवली की शेठजी मलाच हाक मारून ती वाचून घ्यायचे. तेव्हा जो कोणी हे वाचेल त्याने चुका पोटात घालाव्यात.

लिहायचं कारण माझी भाची. तिचं लग्न ठरलं आणि अंगठीत हिरा घ्यायचा म्हणून ती मला विचारत होती, "मावशी, चांगला हिरा कसा ओळखतेत, सांग ना." घरात चार माणसं बसली होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हे माझं लहानपणापासूनचं आहे. समोर एक माणूस असेल तर बोलते, दोन असली तर ऐकते, चार असली तर चहा ठेवायला उठते. भाची म्हणाली, "तं मंग लिहून दे." म्हणून ही वही.

तुमसरला सराफ्यात एका दुकानात माझी सारी नोकरी झाली. आधी मी पोत ओवायला लागले. पोत म्हणजे काळ्या मण्यांचं मंगळसूत्र. बायका तुटलेली पोत घेऊन येत, मी मागच्या खोलीत बसून नव्या दोऱ्यात ओवून देत असे. त्या खोलीत माझ्याशी कोणी बोलायचं नाही, मलाही ते बरंच होतं. मणी बारीक, त्यामुळे डोळे तयार झाले. कोणता मणी काचेचा, कोणता जरासा निळसर, हे हाताआधी डोळ्याला कळू लागलं.

एकदा शेठजी दोन हिरे घेऊन आत आले. गिऱ्हाइकाशी त्यांचा वाद चालला होता. मला म्हणाले, "शांताबाई, यातला पांढरा कोणता?" मी बोटाने दाखवला. त्यांनी दिव्याजवळ नेला, दाराजवळ नेला, भिंगातून पाहिला आणि पुन्हा आले. "कशावरून?" मी म्हटलं, "दुसरा तुपकट दिसते." त्यानंतर हिरे दाखवायचे असले की ते मला पुढे बोलावू लागले. गिऱ्हाईक म्हणायचं, "हे बाई काही बोलतच नाही." शेठजी म्हणायचे, "म्हणूनच बसवली. आमी दुकानदार लोकं जास्तच बोलतो."

आता भाचीला हवं ते लिहिते.

हिरा विकत घेताना लोक आधी वजन विचारतात. वजन कॅरेटमध्ये असतं, एका कॅरेटचे शंभर सेंट. आपल्याकडच्या घरांत दहा-पंधरा सेंटच्या वर कोणी जात नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वजनाने हिरा चांगला ठरत नाही. मोठा आणि मेलेला घेण्यापेक्षा लहान आणि जिवंत घ्यावा.

जिवंत म्हणजे काय, तर घाट बरोबर पाहिजे. उजेड वरून आत जातो आणि आतल्या पैलूंवर आपटून परत वर येतो, तोच चमकतो. खालचं निमुळतं पोट फार खोल ठेवलं तर मध्ये काळं दिसतं, फार चपटं केलं तर उजेड खालून निघून जातो आणि मधोमध खिडकी उघडी असल्यासारखं वाटतं. वजन वाचवायला असे बेढब हिरे पुष्कळ घासतात. हिरा बोटावर ठेवून हात हलवावा. सगळ्या अंगाने चमक धावली पाहिजे. एका कोपऱ्यात झोपून राहिली तर ठेवून द्यावा.

मग रंग. आपल्याला पांढरा हवा असतो, पण बहुतेक हिऱ्यांत पिवळसर झाक असते. ती वरून बघून कळत नाही, कारण वरून चमकच डोळ्यात जाते. पांढऱ्या जाड कागदाची घडी घालायची, घडीत हिरा पालथा ठेवायचा, पोट वर. दुकानाचे दिवे सोडून दाराशी यायचं, पण उन्हात नाही, सावलीच्या उजेडात. एकटा हिरा बघू नये. बाजूला दुसरा असला की झाक उघडी पडते. शेठजी मला हिरे पाहताना रंगीत लुगडं चालू देत नसत, कारण पिवळ्या पदराचा रंगही दगडात उतरतो. मी मांडीवर पांढरा टॉवेल घेऊन बसायची.

शेवटी डाग. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून आत पाहिलं की ठिपके, रेषा, धुकं दिसतं. बिनडागाचा हिरा फार महाग आणि उगाच. साध्या डोळ्याला दिसत नसेल तर डागाचं दुःख करू नये. मात्र कडेला चीर असली तर जपावं. दुकानदार म्हणतो, ती हिरा धरणाऱ्या सोन्याच्या दाताखाली झाकली जाईल. झाकली जाते, पण बसवताना त्याच दाताच्या दाबाने तिथला टवका उडू शकतो. म्हणून मधला ठिपका परवडला, कडेची चीर नाही.

लोकांच्या स्वतःच्या परीक्षा वेगळ्याच असत. कोणी हिऱ्यावर फुंकर घाली, कोणी छापील अक्षरांवर ठेवून वाचायला बघे, कोणी काच कापून दाखवा म्हणे. आंबागडची एक म्हातारी मोहफुलं वेचताना गडाच्या उतारावर सापडलेला दगड पदराच्या गाठीत घेऊन आली होती. शेंगदाण्याएवढा, स्वच्छ. तिने आमच्या समोरच काचेच्या तुकड्यावर ओरखडा काढला आणि म्हणाली, "पाहा. हिराच आहे." ती गारगोटी होती. गारगोटीही काच कापते, हे तिला कोण सांगणार? शेठजींनी दगड भिंगाखाली धरला, पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाले, "आजी, दगड चांगला आहे. विकाले नाही, ठेवाले आहे." तिने विचारलं, "ठेवला तं काय होते?" शेठजी म्हणाले, "काही होत नाही. तसाच राह्यते." ती हसली. म्हणाली, "तं मंग माह्यावानीच आहे बाप्पा." चहा पिऊन, दगड परत गाठीत बांधून गेली.

पण जिच्यासाठी ही वही एवढी पुढे आली ती गोष्ट मोतीरामभाऊंची.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली. तोवर शेठजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि गादीवर त्यांचा मुलगा विनोद बसू लागला होता. मुलगा वाईट नव्हता. भंडाऱ्याला, नागपूरला मोठी काचेची दुकानं निघत होती, त्याचा त्याला घोर लागला होता. आलेलं गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात असे.

मोतीरामभाऊ तांदळाच्या गिरणीत माल पाहायला होते. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर दाणे हातावर घ्यायचे, आणि हा माल कसा, नवा की जुना, कणी किती, हे सांगायचं. त्यांनी नाही म्हटलं की गाडी परत जायची. लग्नात बायकोला, कमलावहिनींना, नाकात पितळेची चमकी घालून आणलं होतं. तेव्हाच म्हणाले होते, एक दिवस हिऱ्याची घेईन. मुलं शिकून नोकरीला लागली, तेव्हा पैसे साठवून ते दोघं आमच्या दुकानात आले. त्या दिवशी मी नेमकी गावाला गेले होते. पुढे जे समजलं ते कमलावहिनींकडून.

काही दिवसांनी कोंदण ढिलं झालं म्हणून त्या चमकी घेऊन आल्या. नाकात दगड हलत होता. मी दगड काढला, रिठ्याच्या पाण्यात धुतला आणि चिमट्यात धरला तेव्हाच ओळखला. दुकानाच्या पुडीत पुष्कळ दिवस पडून असलेला पिवळसर हिरा. आत तांदळाच्या कणीसारखा एक ठिपका, म्हणून मी त्याला कणीच म्हणत असे. घाट सुरेख, पण रंगामुळे कोणी घेत नव्हतं.

वहिनी सहज बोलत होत्या. "बाई, लय महाग पडला. अकरा हजार. पण यायनं हाच पसंत केला. पांढरे दाखवले होते त्या शेठनं. हे म्हणाले, पांढरा नवा माल आहे, हा जुना आहे, हाच द्या."

मी चिमटा खाली ठेवला. तो दगड साडेपाच हजारांचा होता. काय झालं ते माझ्या ध्यानात आलं, कारण तुमसरसारख्या तांदळाच्या गावचं माणूसच असं चुकू शकतं. नवा तांदूळ पांढरा धोप असतो आणि शिजला की चिकट होतो. जुना मुरलेला तांदूळ जरा पिवळसर दिसतो, पण दाणा दाणा मोकळा शिजतो आणि भाव जास्त खातो. आयुष्यभर मोतीरामभाऊंनी तेच पाहिलं होतं. हिरा त्यांनी तांदळासारखा पाहिला.

वहिनींना मी काही बोलले नाही. "दोन-चार दिवसांनी या, पक्कं करून ठेवते," एवढं म्हटलं आणि संध्याकाळी शेठजींच्या घरी गेले. ते पडवीत बसले होते. सांगून झालं तेव्हा त्यांनी विनोदला हाक मारली.

"मोतीरामले पिवळा हिरा किती मध्ये देल्ला?"

विनोद माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबूजी, त्यानंच मागितला. मी पांढरे पुढं ठेवले होते."

"भाव कोन सांगतला?"

"तो म्हणाला, जुना आहे, याचा जास्तच असंन ना? मी 'हो' म्हटलं." मग म्हणाला, "त्याले इतका आनंद झाला होता. बायकोले समजावून सांगून राहिला होता, जुना माल कसा असते, नवा कसा असते. मले 'नाही' म्हणवलं नाही."

मला वाटतं, हे तो खरंच बोलत होता. पण शेठजी म्हणाले, "'नाही' म्हणवलं नाही, ठीक. मंग भाव काहून वाढवला?"

शेठजी मला म्हणाले, "शांताबाई, तू जा त्याच्या घरी. हा गेला तं भांडण होईन. मले रस्ता दिसत नाही. साडेपाच हजार परत येतेत म्हणून सांग. हिरा बदलून पाह्यजे असंन तं बदलून देऊ."

मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायलाही तोंड लागतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कणी आणि दोन पांढरे हिरे पुडीत बांधून, पुडी कमरेला खोचून मी त्यांच्या मोहल्ल्यात गेले. वाटभर एकच वाक्य घोकत होते. मोतीरामभाऊ अंगणाच्या सावलीत बसले होते, पुढे चार वाट्यांत तांदळाचे नमुने. आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली ताजी फुलं.

"जयभीम, बाई. या. झाली काय चमकी?"

"नाही भाऊ. शेठजीनं पाठवलं. तुमच्याकडून दुकानानं जास्त पैसे घेतले. ते परत द्याचे आहेत."

"जास्त? काहून?"

"हिरा पिवळा आहे."

ते हसले. "पिवळा नाही बाई, जुना आहे. तुमाले दुकानात राहून हे समजत नाही काय?"

"तो साडेपाच हजाराचा आहे, भाऊ."

हसू गेलं. वाटी त्यांनी बाजूला सरकवली. "म्हणजे मी फसलो म्हणता?"

मी मान खाली घातली.

"तीस साल झाले. माह्या नजरेखालून गेल्याशिवाय गिरणीत पोतं आत जात नाही. मालक माह्या शब्दावर लाखाचा माल घेते. आन् मी नाकातल्या एका खड्यात फसलो? तुमच्या दुकानात जाऊन लोकं म्हणतेत, हिरा घरी नेऊन पाह्यतो, लाभते का नाही लाभत. मी म्हटलं, आमच्यात हे लाभणं-बिभणं नाही. मले माहे डोळे आहेत. साऱ्या गिरणीले सांगतलं मी, जुना हिरा आणला म्हणून. तुमच्या शेठले सांगा, पैसे ठेवा. मले नाही पाह्यजे."

मी उठलेच होते. दारातून कमलावहिनी म्हणाल्या, "बाईले चहा तं घेऊ द्या. चहाशी काय भांडण आहे तुमचं?"

म्हणून बसले. चहा यायचा होता. काहीतरी करायला हवं म्हणून मी वाट्यांकडे पाहत राहिले, आणि पाहता पाहता खरंच नवल वाटलं. चारही मला सारख्याच दिसत होत्या.

"यातला जुना कोणता, भाऊ?"

त्यांनी आधी माझ्याकडे रागाने पाहिलं. पण विचारलेलं काम त्यांच्या हातचं होतं. एक वाटी उचलून माझ्या तळहातावर दाणे ओतले. "हा. पाहा, चुन्यावानी पांढरा नाही. अंगावर झाक आहे. आता हा दुसरा. याच्यावर बी झाक आहे, पण हा जुना नाही, भिजून वाळलेला आहे. वास घ्या. तुमी फसान. मी नाही फसत."

"पक्कं कसं समजते?"

"पक्कं शिजवल्यावर समजते. मूठभर शिजवतो मी रोज. भातानं फुललं पाह्यजे, मोकळं झालं पाह्यजे. शिजल्यावर साऱ्या मालाचं पितळ उघडं पडते."

दाणे माझ्या हातावरच होते. मी म्हटलं, "भाऊ, दगड शिजत नाही."

आणि मी बोलायला लागले. एवढं मी आजवर कोणत्याही गिऱ्हाइकाशी बोलले नव्हते. "तांदूळ ठेवला तं मुरते. हिरा मुरत नाही. जमिनीत होता तवाच पिवळा होता, उद्या बी पिवळाच राहीन. सारेच हिरे जुने आहेत, त्यायचा जुन्याचा भाव नाही लागत. शिजवून पाहाची सोय नाही, म्हणून बाहेरून दिसते त्याचेच पैसे. पांढऱ्याचे जास्त, पिवळ्याचे कमी. तुमी झाक बरोबर ओळखली. आमच्या धंद्यात तिचा भाव उलटा आहे, एवढंच."

चहा थंड झाला. मोतीरामभाऊंनी कप बाजूला सारला आणि विचारलं, "आणले आहेत काय?"

मी घडीचा कागद पसरला, तिन्ही हिरे पालथे ठेवले आणि बाजूला झाले. त्यांनी भिंग घेतलं नाही. कागद उचलून भिंतीच्या सावलीत नेला, जरा तिरपा केला, पुन्हा सरळ केला. वहिनीही वाकून पाहत होत्या. मी कोणता कोणता ते सांगितलं नव्हतं, आणि दोन पांढऱ्यांतही एक किंचित उणा होता, असा फरक ओळखायला मला पहिलं वर्ष लागलं होतं. त्यांनी नखाने सरकवून ओळ लावली.

"हा एक. हा दोन. आन् हा आपला."

ओळ बरोबर होती.

"छोट्या शेठले हे माहीत होतं काय?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो."

ते कागदाकडे पाहत म्हणाले, "मी गादीवर बसून मोठ्यानं सांगत होतो, जुना माल असा असते, नवा असा असते. तो मान हालवत होता." मग आवाज बारीक झाला. "माह्या बापानं सराफ्यात आईसाठी डोरलं घेतलं तवा त्याले ओट्याच्या खाली उभं राहा लागलं. वरून टाकत होते त्याच्या हातात. मी गादीवर बसलो बाई. पांढरी चादर होती. म्हणून जरा जास्तच बोललो असंन मी."

ते दुकान आमचं नसेलही, पण तेव्हा ओटे सगळे सारखेच होते.

मी म्हटलं, "हिरा बदलून देतो म्हणाले शेठजी. पांढरा घ्या, वरचे पैसे..."

"नाही," कमलावहिनी म्हणाल्या. आम्ही दोघंही वळलो. "मले हाच पाह्यजे. मी काळी. माह्या नाकावर पांढरा हिरा चुन्याचा ठिपका लागल्यावानी दिसंन. हा तुपाच्या थेंबावानी दिसते. मी आरशात पाह्यला आहे. तुमचा भाव तुमी पाहा, खडा माहा आहे."

आणि त्या बरोबर होत्या. भाचीने हे नीट वाचावं. पिवळ्या सोन्यात थोडी झाक असलेला हिरा वाईट दिसत नाही, सावळ्या अंगावर तर खुलतो. झाक असलेला हिरा खुशाल घ्यावा, फक्त पांढऱ्याच्या भावात घेऊ नये.

मोतीरामभाऊ बायकोकडे पाहून म्हणाले, "तुले आधीच आवडला होता तं मले एवढं बोलू काहून देल्लं?"

"तुमी थांबले असते काय?"

ते तेव्हा पुन्हा हसले. "ठीक आहे बाई. पैसे घेतो मी. पाठवून द्या."

मी दुकानात येऊन सांगितलं. शेठजी म्हणाले, "विनोद, तू पाहा आता." दोन दिवसांनी विनोदने दुकानातल्या नोकराच्या हाती चार हजार पाठवले. त्याचा हिशेब असा, की घडणावळ, कोंदण पक्कं करायची मजुरी आणि भाव त्या माणसाने स्वतः कबूल केला होता त्याबद्दल थोडं, असं दीड हजार कापलं. नोकर तासाभरात नोटा परत घेऊन आला. निरोप होता, "चार हजार घरी ठेवा म्हणा. मी चार हजारानं नाही फसलो."

विनोद चिडला. "आता काय म्हातारा व्याज मागते?"

मी मागे पोत ओवत होते. नोकर निघून गेला होता, दुकानात आम्ही दोघंच होतो, म्हणजे समोर एकच माणूस. मी म्हटलं, "विनोदभाऊ, घडणावळ त्यायनं आधीच देल्ली आहे. अकरा हजाराच्या वर देल्ली. कोंदण आपलंच ढिलं होतं. त्यायनं तीन हिरे माह्यापुढं बरोबर लावले, भिंगाशिवाय. त्या माणसाची नजर चांगली आहे. त्याले चांगल्या नजरेचे कमी पैसे कसे द्याचे?"

त्याने नोटा गल्ल्यात टाकल्या. मला वाटलं, आता पोत ओवणंही गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने स्कूटर काढली आणि म्हणाला, "चमकी झाली ना? घ्या आन् बसा मागं. मले एकट्यानं जाववत नाही."

गिरणीत पोहोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. अंगणभर कोंड्याची धूळ. हमाल पोत्यांना टेकून डबे उघडून बसले होते, बायका एका अंगाला. एवढी माणसं बघून मी दाराशीच थांबले. विनोदही जरा थबकला. तो मोतीरामभाऊंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाला, "भाऊ, जरा तिकडं बाजूला येता काय?"

"बाजूले कायले? इथंच द्या."

"लोकं आहेत भाऊ."

"म्हणूनच म्हणतो." त्यांनी हातातली नळी पोत्यात खुपसून ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका रे. मी जुना हिरा आणला म्हणून सांगतलं होतं ना तुमाले, तो जुना नाही, पिवळा आहे. हिऱ्यात जुना-नवा राहत नाही. मी तांदूळ समजून घेतला."

मग पोत्यामागून एक हमाल म्हणाला, "भाऊ, रातभर भिजत घालून पाह्यला असता." अंगणात हशा झाला. बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या.

मोतीरामभाऊही हसले. "हास लेका, हास. तुले घ्यायचा असंन तवा मले घेऊन जाजो, आता मले समजते." मग विनोदच्या खांद्यावर हात ठेवला. "पण हे बी पाहून घ्या. शेठचा पोरगा आहे. माह्या चुकीचे पैसे स्वतः परत घेऊन आला, गिरणीत. द्या शेठ."

विनोदचे कान लाल झाले होते. त्याला 'चुकीचे' हा शब्द कोणाच्या वाट्याचा, ते ठाऊक होतं. तो बहुतेक काहीतरी कबूल करायला निघाला होता, पण मोतीरामभाऊंनी हात पुढे धरूनच ठेवला होता. विनोदने खिशातून नोटा काढल्या आणि त्या हातावर ठेवल्या. मोतीरामभाऊ पायरीवर बसले, बोटाला थुंकी लावून त्यांनी नोटा मोजल्या, उजेडाकडे धरून दोन पाहिल्या, पुन्हा एकदा मोजल्या. साडेपाच हजार. नोटा आणि मी दिलेली चमकीची पुडी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून त्यांनी वरून बटण लावलं.

"पुरे आहेत," ते म्हणाले, आणि सरकून विनोदला आपल्या शेजारी बसायला जागा केली.